घाट चढून आल्यावर

शिखर शिंगणापूरच्या यात्रेत चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटाखाली उभं राहिलेल्या माणसाला ‘साहसी शिबिर’ म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सासवडहून चालत आलेली भुतोजी तेल्याची मानाची कावड त्या दिवशी हा घाट चढते. घाट कसला, उभा कडाच तो. तापलेला कातळ, पायाखालून सुटणारे दगड, आणि धड पाऊल मावेल अशी जागा हातभर अंतरावर एखादीच. कावडीचा दांडा खांद्यावर, दोन्ही अंगांना पाण्याचे जड घडे. ती वर न्यायची म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नाही. मग माणसांची साखळी लागते. वरचा खालच्याचं मनगट धरतो, खालचा त्याच्या खालच्याचं. कुणाचा पाय सटकला की साखळी ताणली जाते, क्षणभर सगळं थांबतं, शिवी आणि ‘हर हर महादेव’ एकाच दमात निघतात आणि कावड आणखी दोन हात वर सरकते. साखळीतला पोरगा दहावीला किती वेळा बसला, त्याचं नाव पोलिसात आहे का, याची चौकशी तिथं कुणी करत नाही. मनगट घट्ट धरतोय ना, एवढंच बघतात.

वाया चाललेल्या, किंवा वाया जातील अशी भीती वाटणाऱ्या पोरांना डोंगर, दोर, पाणी आणि रान यांच्या आधाराने सावरता येतं का, या प्रश्नावर जगभर ऐंशी वर्षं काम चाललेलं आहे. त्यात यश आहे, फसगत आहे, पोरांचे जीवही गेलेले आहेत. या सगळ्याकडे म्हसवडच्या बाजूने बघावं असं मला वाटलं, कारण या प्रश्नाचे बरेचसे धागे माणदेशातच सापडतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. पोराला घाट चढवणं अवघड नाही. तो चढून आला की दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर कोण राहणार, हे ज्यांनी आधी ठरवलं होतं, त्यांचेच प्रयोग टिकले.

म्हसवड सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, पण त्याची ऊठबस सांगलीच्या आटपाडीशी आणि सोलापूरच्या सांगोल्याशीही तेवढीच; हा सगळा मुलूख म्हणजे माणदेश. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. इथल्या पोरांपुढचा धोका शहरातल्या वस्तीसारखा वर्तमानपत्रात झळकणारा नसतो. कोयता घेऊन रील काढणारी, ‘भाई’ म्हणवून घेणारी पोरं आता इकडेही दिसतात, नाही असं नाही. पण मोठा धोका मुकाट्याने येतो. आईबाप ऊसतोडीला गेले की सहा महिने घराला कुलूप, पोरं आजीकडे. आठवी-नववीत शाळा कधी सुटली हे धड कुणाला आठवतही नाही. मुलगा पंधरा-सोळाचा झाला की एखादा पाव्हणा त्याला गलाईच्या दुकानात घेऊन जातो. विटा, खानापूर, आटपाडीपासून माण-खटावपर्यंतच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. काहींनी त्यातून गावाकडे बंगले बांधले, देवळांना देणग्या दिल्या. पण कोवळ्या वयात परमुलखात, भट्टी आणि ॲसिडच्या वाफेत, दुकानातच झोपून दिवस काढणाऱ्या पोराची गणती कुठल्याच तक्त्यात होत नाही.

मुलींचं वेगळं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. दुष्काळी पट्ट्यात शाळा लांब, रस्ता सुनसान आणि आईबाप तोडीला. मग ‘उजवून टाकू’ हा निर्णय घरातल्यांना शहाणपणाचाच वाटतो.

तिसरा गट भरतीच्या पोरांचा. माणदेशात कुठल्याही मोठ्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे जा, अंधारात पळणारी पोरं भेटतातच. पोलीस भरतीला मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८००, लष्करालाही १.६ किलोमीटर. दोन-तीन वर्षं अकॅडमीत काढायची, फी भरायची, आणि अर्ध्या सेकंदाने किंवा एका मार्काने राहायचं. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून लष्कराची वाटही चार वर्षांची झाली, पुढे कायम होणार चारांतला एक. ही पोरं व्यसनी नसतात, उनाड नसतात, मैदानावरच असतात. म्हणून त्यांना कुणी ‘धोक्यातली’ म्हणत नाही. वय उलटून गेल्यावर पळणं बंद होतं, आणि दिवसभर करायचं काय हा प्रश्न त्यानंतर पडतो. व्यायामाने पोरं सुधारतात असं सरसकट सांगणाऱ्याने आधी यांच्याकडे बघावं. अंग कमावलेलं, शिस्त लागलेली, पण त्याचा उपयोग एकाच दाराशी, आणि ते दार बंद.

मग डोंगरावर नेमकं काय घडतं, की त्याचं एवढं कौतुक व्हावं?

दोराच्या कामातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. कातळावर एक जण चढत असतो आणि खाली दुसरा त्याला ‘बिले’ देत असतो. चढणाऱ्याच्या हार्नेसला बांधलेला दोर वरच्या अँकरमधून फिरून खालच्याच्या कमरेपाशी येतो. तिथं एक छोटं धातूचं उपकरण कॅराबिनरने अडकवलेलं असतं. वरचा हातभर चढला की खालच्याने तेवढा दोर ओढून घ्यायचा, आणि काही झालं तरी उजवा हात दोरावरून सोडायचा नाही. वरच्याचा हात सुटला, तो लोंबकळला, तर तो हात त्याला धरून ठेवणार. प्रशिक्षक मुद्दाम हे काम ज्याच्याबद्दल सगळ्यांच्या मनात शंका असते त्या पोराकडे देतात. घरातले पैसे ज्याच्यापासून लपवून ठेवले जातात, वर्गात काही हरवलं की पहिलं ज्याचं दप्तर उलटं केलं जातं, त्याच्या हातात दुसऱ्या पोराचा जीव. पंधरा मिनिटं तो मान खाली घालत नाही, बोलत नाही, नजर वर खिळलेली. खाली उतरलेला पोरगा त्याला काही मोठं भाषण करत नाही. बहुतेक वेळा ‘घट्ट धरलावतास लेका’ एवढंच.

इथं शिक्षा आणि बक्षीस माणसाच्या लहरीवर नसतात. दोर ढिला सोडला तर काय होईल हे कातळच सांगतो, मास्तरांना सांगावं लागत नाही. पावसात मास्तरही तेवढेच भिजतात. आणि तिथं पोराचा जुना हिशेब कुणाला ठाऊक नसतो. या तीन गोष्टी शाळेत किंवा निरीक्षणगृहात जुळून येणं कठीण.

या विचाराला संस्थेचं रूप दिलं ते कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये त्याला अटक झाली, मग तो ब्रिटनमध्ये आला आणि १९३४ मध्ये त्याने गॉर्डनस्टन शाळा काढली. १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू झालं, त्यामागे लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीवाल्याची अडचण होती. जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवली की लाइफबोटीत तरणी पोरं आधी हाय खात आणि मुरलेले म्हातारे खलाशी तग धरत, असं त्याला दिसलं. म्हणून पोरांना समुद्र, डोंगर आणि बचावकार्य यांतून सुमारे महिनाभर तयार करायचं. हानच्या योजनेत दुसऱ्याला वाचवण्याचं शिक्षण मधोमध होतं; पुढे नक्कल करणाऱ्यांनी तेवढंच नेमकं गाळलं आणि उड्या-दोर ठेवले.

गुन्ह्यात सापडलेल्या पोरांवर याचा परिणाम मोजण्याचा पहिला ठळक प्रयत्न साठच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. केली आणि बेअर या दोघांनी १२० मुलं घेतली. निम्मी आउटवर्ड बाउंडला पाठवली, निम्मी नेहमीच्या सुधारगृहाच्या वाटेने गेली. वर्षभरात पुन्हा गुन्ह्यात सापडणारी पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्यात ४२. आकडा बघून कुणीही हुरळून जाईल. पण पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही गटांतलं अंतर बरंच कमी झालेलं होतं. डोंगर खोटा नव्हता. पोरं परतली ती त्याच गल्लीत, त्याच घरात आणि त्याच दोस्तांत.

२००० मध्ये विल्सन आणि लिप्सी यांनी अशा २८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. रानात गेलेल्यांपैकी पुन्हा गुन्हा करणारे साधारण २९ टक्के, न गेलेल्यांत ३७. फरक आहे, पण चमत्कार नाही. त्यातले बारकावे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. शिबिर लांबलं म्हणून फायदा वाढला असं काही दिसलं नाही. फायदा वाढला तो दोन गोष्टींनी: अंगाचा खरोखर कस लागेल असं काम असलं तर, आणि त्याच्या जोडीला समुपदेशन, कुटुंबाशी बोलणं असं काही असलं तर. नुसती सहल काय किंवा नुसतं भाषण काय, दोन्ही लुळी पडतात.

याच कामाची काळी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे ‘पोराला जरा तंबी मिळू दे, सरळ येईल’ म्हणणारे बाप पुष्कळ आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक समजणाऱ्या संस्थाही निघतील. अमेरिकेत लष्करी थाटाचे ‘बूट कॅम्प’ निघाले. पहाटे उठवणं, अंगावर ओरडणं, दमेपर्यंत जोर काढायला लावणं. त्यांच्यावरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा गुन्हे कमी झाल्याचं काही दिसलं नाही. पोरांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दम देऊन घाबरवण्याचा एक कार्यक्रम १९७८ च्या एका माहितीपटामुळे फार गाजला. तपासून पाहिल्यावर त्यातली पोरं न गेलेल्यांपेक्षा जास्त बिघडलेली निघाली. आणि ‘वाइल्डरनेस थेरपी’च्या नावाखाली आईबापांकडून भरमसाट पैसे घेऊन चालणारी खाजगी शिबिरं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अशा एका शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्याच्या पहिल्याच रात्री दगावला; पुढे त्या शिबिराचा परवाना रद्द झाला. पोराच्या मनाविरुद्ध त्याला रानात नेऊन सोडणं म्हणजे नुसती बिनभिंतींची कैद.

भिंती काढायच्याच तर कशा काढाव्यात, हे म्हसवडहून तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे कडवे प्रचारक. संस्थानातल्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला होता आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. याच राजाने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या स्वाधीन केले, आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसलं. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश ज्यू इंजिनिअर, ज्याला आपल्याकडे भारतानंद म्हणत, त्याचा या योजनेत मोठा वाटा. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, भोवती तट नाही, हातात बेड्या नाहीत. उजाड माळावर शेती करायची, झोपड्या बांधून राहायचं, आणि मुख्य म्हणजे बायकापोरं बरोबर. यावरूनच पुढे शेजारच्या शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, त्यातलं प्रार्थनेचं गाणं शाळाशाळांत पोचलं, पण मूळ वसाहत आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी आहे हे म्हसवडच्या कॉलेजातल्या पोरांना विचारलं तर किती जण सांगतील, मला शंका आहे. स्वतंत्रपूर आजही तुरुंग खात्याची खुली वसाहत म्हणून चालू आहे.

ते साहसी शिबिर नव्हतं आणि तिथले लोक पोरं नव्हते, हे मान्य. पण या विषयावरच्या कुठल्याही अभ्यासातून जे हाती लागतं, ते सगळं स्वतंत्रपुरात आधीच आहे. अंगमेहनत खरी, कारण माळ नांगरला नाही तर खायला नाही. विश्वास खरा, कारण पळून जायला कुणी अडवणार नाही. आणि सुधारायचा माणूस एकटा उचलून नेलेला नाही, त्याचं घर त्याच्यासोबत आहे. सुट्टी संपवून परत ‘त्याच गल्लीत’ जायचा प्रश्नच उरत नाही, कारण नवी गल्ली त्याने स्वतः बांधलेली असते.

महाराष्ट्रात याच वाटेवर उशिरा पण शहाणपणाने आलेली संस्था म्हणजे ‘मॅजिक बस’. १९९९ मध्ये मॅथ्यू स्पेसी या इंग्रज गृहस्थाने मुंबईतल्या रस्त्यावरच्या पोरांना रग्बी शिकवता शिकवता ती काढली. बसमध्ये घालून पोरांना शहराबाहेर न्यायचं, डोंगर-नदी दाखवायची, म्हणून नावातच बस. पुढे कर्जतला त्यांनी मोठं केंद्रही उभारलं. पण सहलीतून आलेली पोरं पुन्हा तशीच, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कामाचा भर वस्तीतच ठरलेल्या दिवशी होणाऱ्या मैदानी सत्रांवर गेला. सत्र घेणारा त्याच वस्तीतला, थोडा मोठा पोरगा किंवा पोरगी. बस राहिली ती नावात. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मुळे तो आता घराघरात माहीत आहे. तिथंही सामन्याइतकाच रोजचा सराव कामाला आला.

सरकारने केलेला सर्वांत दणकेबाज प्रयोग ‘मिशन शौर्य’. आदिवासी विकास विभागाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली मुलं निवडली, त्यांना महिनोन्‌महिने तयार केलं, आणि मे २०१८ मध्ये त्यांतली पाच जणं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. मला या कामगिरीचं कौतुक आहेच. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि पुढे २०२२ पर्यंत, एव्हरेस्ट धरून, आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं सर केली, तेव्हा इकडच्या मुलींना डोंगर आपलाही आहे असं वाटलं, त्याचंही मोल मोठं. पण शिखर हा निवडीचा खेळ आहे. शंभरातून दहा घ्यायचे, दहातून पाच चढतात. उरलेल्या नव्वदांचं काय, हा प्रश्न धोक्यातल्या पोरांच्या बाबतीत सगळ्यात आधी यायला हवा. त्या नव्वदांसाठीच तर हे चाललं आहे. आश्रमशाळेतल्या प्रत्येक पोराला दर आठवड्याला जवळची टेकडी चढायला मिळाली असती तर बातमी झाली नसती, फोटो आला नसता, पण माझ्या मते पैसा जास्त कामी आला असता.

आणि म्हसवडमध्ये? इथं माणदेशी फाउंडेशन आहे. चेतना गाला सिन्हा १९८० च्या दशकात चळवळीतून या गावात आल्या, १९९७ मध्ये ग्रामीण बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. याच घरातून पुढे ‘माणदेशी चॅम्पियन्स’ हा खेळाचा उपक्रम निघाला; प्रभात सिन्हा तो चालवतात. माणदेशातल्या मुलामुलींना धावणं आणि इतर मैदानी खेळ, त्यासाठी प्रशिक्षक, मैदान, आहार. संस्थेने मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या, हे मला खेळाइतकंच महत्त्वाचं वाटतं. सायकलवर पाच-सात किलोमीटर एकटीने, उन्हातान्हात, भाऊ बरोबर नसताना जाणारी नववीतली मुलगी रोज जे साहस करते, त्याला हार्नेस लागत नाही. शिवाय ते वर्षभर चालतं.

ललिता बाबर हे नाव माण तालुक्यात कुणालाही सांगावं लागत नाही. मोही गावची ही मुलगी २०१५ च्या वुहानच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसची सुवर्णपदक विजेती, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायचं, ओढ्याकाठच्या पोरीला ते वेगळं शिकवावं लागू नये! पुढे ती उपजिल्हाधिकारी झाली. माणदेशी पोरींना तिच्यामुळे खेळातूनही सरकारी खुर्चीपर्यंत वाट जाते हे दिसलं. तरी मुद्दा तोच. ललिता एकच. तिच्यासोबत पळणाऱ्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धेतच थांबलेल्या मुलींचं लग्न दोन-तीन वर्षं पुढे गेलं असेल, तर तेही पदकाच्या तोडीचंच यश आहे, आणि ते मोजणारं कुणी नसतं.

इथल्या अनुभवातला आणखी एक तुकडा पाणी फाउंडेशनच्या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेतला. २०१६ मध्ये ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ सुरू झाला आणि २०१८ मध्ये राज्यात पहिलं आलं ते माण तालुक्यातलं टाकेवाडी. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, ऐन उन्हाळ्यात टिकाव-फावडं. पहाटे दिवे लावून चर खणत होती त्यांत एरवी पारावर पत्ते खेळणारी पोरंही होती, हे त्या भागात कुणीही सांगेल. कुर्ट हानने जे लाइफबोटीसाठी केलं तेच इथं पाण्यासाठी झालं: अंग मोडेल असं काम, गट, ठरलेली मुदत, आणि आपल्या कामाची कुणाला तरी खरोखर गरज. पावसाळ्यात चर भरलेले बघितले की पोराला प्रमाणपत्र द्यावं लागत नाही. स्पर्धा संपल्यावर त्या पोरांच्या टोळ्यांना पुढचं काम कुणी दिलं असतं, तर इथलं चित्र आणखी वेगळं दिसलं असतं. बहुतेक गावांत टोळी मोडली आणि पत्त्यांचा डाव परत मांडला गेला.

माणदेशाची हौस बैलगाडा शर्यतीतही आहे. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना कायद्याची मान्यता कायम ठेवली आणि मैदानं पुन्हा भरली. धाडस, जनावराची पारख, गाडीवानाची हिंमत सगळं तिथं आहे. पण कडेला पैजा लागतात आणि संध्याकाळी बाटल्या फुटतात. पोराला थरार हवाच असतो. तो कुठल्या मैदानावर आणि कुणाच्या संगतीत मिळतो, यावर पुढचं ठरतं. जुन्या तालमीत याची सोय होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले त्या काळातली तालीम म्हणजे पोराचं दुसरं घर. वस्ताद त्याच्या खाण्यापासून चालीपर्यंत लक्ष ठेवायचा, वर्षानुवर्षं. शिबिराच्या प्रशिक्षकाला वस्तादाची जागा सात दिवसांत मिळत नाही.

आता कायद्याचं. २०१५ चा बाल न्याय कायदा अठराखालच्या मुलाला गुन्हेगार म्हणत नाही; ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. बाल न्याय मंडळाला समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षेवर सोडणं, योग्य व्यक्तीच्या देखरेखीत ठेवणं असे आदेश देता येतात. डोंगराचा त्यात उल्लेख नाही, पण परिवीक्षा अधिकाऱ्याला कल्पकता असेल तर जागा आहे. याच कायद्याचं ७४ वं कलम अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. म्हणजे शिबिराचे फोटो समाजमाध्यमावर टाकून ‘बिघडलेल्या मुलांना आम्ही सुधारलं’ असं मिरवणारी संस्था स्वतःच कायदा मोडते. एरवीही ज्या पोराच्या गळ्यात ‘सुधारणेच्या शिबिराला गेलेला’ ही पाटी अडकते, त्याचं पुढचं लग्नकार्य आणि नोकरी दोन्ही अवघड. शहाणे लोक म्हणूनच मिश्र गट नेतात. दहांतली दोन-तीन पोरं मंडळाकडून आलेली, बाकी गावातली साधी, आणि कोण कोण आहे ते फक्त प्रशिक्षकाला ठाऊक.

सुरक्षेचंही तसंच. राज्याने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, साधनं यांचे नियम आले. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’सारख्या १९८२ पासून काम करणाऱ्या संस्थेकडे हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. उत्साही तरुण मंडळाकडे नसतं. वारूगड, महिमानगड, भूषणगड हे किल्ले चढायला सोपे, म्हणून निष्काळजीपणा जास्त. राजेवाडीचा तलाव ब्रिटिशांच्या काळात दुष्काळी कामातून बांधला गेला. त्यात पोरांना पोहायला उतरवायचं तर काठावर निष्णात पोहणारा आणि अंगात लाइफ जॅकेट हवंच. ‘आम्ही लहानपणी विहिरीत उड्या मारायचो’ हे तिथं उत्तर होत नाही.

राहता राहिली वेळ. यात जवळजवळ सगळेच चुकतात. शिबिरं भरतात एप्रिल-मेमध्ये, कारण शाळांना सुट्टी असते आणि नव्या आर्थिक वर्षाचा निधी हातात आलेला असतो. म्हसवडला तेव्हा ऊन असं असतं की दहानंतर कातळाला हात लागत नाही, आणि साखर कारखान्यांचे हंगाम संपून पट्टे पडलेले असल्यामुळे तोडकरी आईबाप घरी परतलेले असतात. पोर आईबापांजवळ असताना त्याला उचलून शिबिरात न्यायचं, असा हा उफराटा हिशेब. पोर एकटं पडतं ते कारखान्याची मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं तेव्हा, दिवाळीच्या पुढेमागे. तिथून फाल्गुनापर्यंत थंडी, ओढ्यांना थोडंफार पाणी, डोंगर चढायला उत्तम हवा, आणि घरी म्हातारी आजी. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. मुलांनी रात्री जेवायचं-झोपायचं कुठे हे तिने भागतं. चार ते सात या वेळात त्यांनी करायचं काय, हे तिच्यात लिहिलेलं नाही. दोर, सायकल, टेकडी, चर खणणं, धावणं, यांतलं काहीही त्या तीन तासांत बसतं. त्यासाठी माणदेशातलाच, भरतीत राहिलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा पळून पळून तयार झालेला एक पोरगा आणि तशीच एक पोरगी पगारावर ठेवता येईल. त्यांना बारा महिन्यांचा पगार द्यायला हवा, नुसता हंगामापुरता नाही, कारण मोळी पडायच्या आधीचे दोन महिने त्यांना वस्त्यांवर जाऊन तोडीला निघणाऱ्या घरांच्या याद्या करायच्या आहेत आणि पट्टा पडल्यावर परतलेल्या आईबापांना भेटायचं आहे. देणगीदाराच्या अर्जात तंबू, दोर, बूट आणि प्रवासखर्च यांचे रकाने असतात. या पगारासाठी अजून रकाना नाही.